दात सरळ झाले, तरी हात तोंडावर जातोच

कृष्णाकाठची
९ जानेवारी, रात्री १०:४०

चुलतबहिणीच्या लग्नाचा अल्बम परवा आला. आईचा मिरजेहून फोन, "बघ गं, तुझे फोटो किती छान आलेत." रात्री लॅपटॉप घेऊन बसले आणि एकेक उघडून बघितला. मी हसतेय असे ४१ फोटो निघाले. त्यातल्या १७ फोटोंत माझा उजवा हात तोंडावर आहे. हळदीच्या एका फोटोत तर माझ्या नाकाच्या शेंड्याला आणि वरच्या ओठाला हळद लागलीय. म्हणजे हळदीनं भरलेला हातही तोंडावर गेला होता आणि मला पत्ताच नव्हता.

माझ्या तारा ऑक्टोबरात निघाल्या. दात आता सरळ आहेत, डॉक्टरही खूश आहेत. मग हा हात कशाला जातोय?

थोडं मागचं सांगते. मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माझे वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंचावर, बाहेरच्या बाजूला आलेले होते आणि पटाशीचे दोन दात एकमेकांवर चढलेले. पाचवीत वर्गातल्या मुलांनी एक नाव ठेवलं. ते दहावीपर्यंत चिकटलं. इथे लिहायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, म्हणून लिहीत नाही. आजी फार मायाळू होती, पण "मुलीच्या जातीनं असं दात काढून हसू नये" हे ती सगळ्याच नातींना सांगायची. बाकीच्या बहिणी ऐकून सोडून द्यायच्या. मला ते माझ्यासाठीच सांगितलंय असं वाटायचं.

कॉलेजात गॅदरिंगच्या निवेदनासाठी माझी निवड झाली होती. आवाज चांगला आहे माझा. आदल्या आठवड्यात नाव मागे घेतलं, घसा बसलाय म्हणून सांगितलं. मग २४व्या वर्षी पहिलं स्थळ आलं. पोहे झाले, बोलणं झालं. निघताना मुलाच्या मावशीनं आईला बाजूला घेतलं, "मुलगी छान आहे हो, फक्त त्या दातांचं तेवढं करून घ्या." आईनं ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. त्याच महिन्यात स्वतःच्या पगारातून तारा लावल्या. चार उपदाढा काढाव्या लागल्या, २२ महिने गेले.

मला विचारायचंय ते हे. दातांपायी तुम्ही काय काय सोडलंत? आणि दात नीट करून घेतले असतील तर ते परत मिळालं का?

---

बालाघाटी
९ जानेवारी, रात्री ११:५५

ताई, तुमच्या हाताचं वाचलं आणि माझा हात मिशीवर गेला. मी ३३ वर्षांचा, मूळ बीड जिल्ह्यातला, आता बँकेत आहे. वरचे दात पुढे आहेत. अकरावीत मिसरूड फुटलं तेव्हापासून मिशी ओठावर उतरेल एवढी ठेवलीय. लोकांना वाटतं हौस आहे.

दहावीत असताना वडील मला शहरात दाताच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी २८ हजार सांगितले. वडील काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. परत येताना एसटीत एवढंच म्हणाले, "पुढच्या सुगीला बघू." मी पुन्हा विषय काढला नाही आणि त्यांनीही नाही. ते आता नाहीत. त्यांना ते २८ हजार किती बोचले असतील हे मी बाप झाल्यावर कळलं.

आता पैसे आहेत, पण दोन लेकरांचा बाप तारा लावून काउंटरला बसणार, हे मनाला पटत नाही. तुम्ही विचारलं काय सोडलं म्हणून. मी वक्तृत्व सोडलं. आठवीपर्यंत तालुक्याला बक्षिसं घेतली होती.

एक गोष्ट मात्र सांगतो. माझी धाकटी दीड वर्षाची आहे. मांडीवर बसून माझ्या तोंडात बोट घालते आणि दात मोजायला लागते. ती मोजत असताना मी ओठ मिटत नाही.

---

ठाणेकर_आई
१० जानेवारी, सकाळी ७:१५

दोघांचं वाचून डोळे भरून आले. माझा प्रश्न आईच्या बाजूनं आहे. मुलगी १२ वर्षांची, सातवीत. वरचा एक सुळा दुसऱ्या रांगेत आलाय. शाळेच्या ओळखपत्राचा फोटो तिनं तीन वेळा काढायला लावला, आणि तिसऱ्यातही ओठ घट्ट मिटलेले. मी अजून काहीच बोलले नाही. बोलले तर मीच तिच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल, नाही बोलले तर ती एकटीच कुढेल. त्यात सासूबाई पाहुण्यांसमोर सहज म्हणून जातात, "नाक आमच्याकडचं, दात मात्र नाहीत हो आमच्याकडचे." मुलगी तेव्हा तिथेच असते. काय करावं?

---

ऑर्थो_नागपूर
१० जानेवारी, दुपारी २:३०

गेली १५ वर्षं मी दात सरळ करण्याचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरचा सुळा हा त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा उशिरा येणारा दात, साधारण ११व्या-१२व्या वर्षी. तोवर पुढचे चार पटाशीचे दात आणि मागच्या उपदाढा आपापली जागा धरून बसलेल्या असतात. जबडा लहान नि दात मोठे असले, किंवा दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली आणि मागची दाढ पुढे सरकली, की सुळ्याला जागाच उरत नाही. मग तो मिळेल तिथून, म्हणजे वरून आणि बाहेरून येतो. दात पुढे येण्यामागे बऱ्याचदा आनुवंशिकता असते, कधी चार-पाच वर्षांनंतरही चालू राहिलेलं अंगठा चोखणं असतं, कधी नाक चोंदलेलं असल्यामुळे तोंडानं श्वास घ्यायची सवय असते. यात मुलाचा दोष शोधूनही सापडत नाही.

आता ते वय बघा. अकरा-बारा. मैत्रिणींची नजर आईच्या शब्दापेक्षा मोठी व्हायला लागते, नेमका त्याच वर्षी आरशात तो सुळा दिसायला लागतो. सहा वर्षांच्या पोराचे पुढचे दोन दात पडले की सगळं घर कौतुक करतं, पडलेला दात कौलावर टाकतं, बोळक्या हसण्याचे फोटो काढतं. तेच घर सहा वर्षांनी "दात बघ कसे आलेत" म्हणतं.

ठाणेकर आई, तिला फक्त विचारा, "फोटो परत का काढायला लावलास?" आणि ती बोलेपर्यंत थांबा. दातांचा विषय तिनं काढला तर तपासणीला घेऊन जा. नाही काढला तर मनात ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा विचारा. सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्यावं असं आम्ही सांगतो, पण १२ म्हणजे उशीर अजिबात नाही. बहुतेक पूर्ण उपचार याच वयात सुरू होतात. आणि सासूबाईंना थांबवा. ते तुम्हाला किंवा तुमच्या नवऱ्यालाच करावं लागेल, मुलीला ते जमणार नाही.

आमच्या शास्त्रात सगळं मिलिमीटरमध्ये मोजतात. १८९९ साली एडवर्ड अँगल यांनी वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले, ते आजही आम्ही केसपेपरवर लिहितो. पण त्या वर्गावरून माणसाच्या मनातलं काहीही कळत नाही. ज्याला जबड्याची शस्त्रक्रिया सुचवावी लागली असा मुलगा माझ्याकडे येतो, कबड्डीच्या संघाचा कर्णधार आहे, खळखळून हसतो. आणि किंचित वळलेल्या एका दातासाठी जिवलग मैत्रिणीच्या लग्नाला न गेलेली मुलगीही माझ्याकडे येते. २००६ साली क्लागेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मुलामुलींसाठी २३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. दात किती वाकडे आहेत हे त्यात कुठेच मोजत नाहीत. स्वतःच्या दातांबद्दल वाटणारा विश्वास, चारचौघांत जाणवणारा ताण, मनाला होणारा त्रास, आणि आरशात-फोटोत स्वतःला बघताना वाटणारी खंत, एवढंच विचारतात. मी ती पहिल्या भेटीत भरून घेते. बरेच जण भरता भरता थांबतात आणि म्हणतात, हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

बालाघाटी, वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड धडधाकट असलं की झालं. माझ्याकडे सध्या ५२ वर्षांच्या एक शिक्षिका तारा लावून वर्गावर जातात.

---

रत्नांग्री
१० जानेवारी, रात्री ९:०५

माझं मत जरा वेगळं आहे. माझ्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट आहे. लहानपणापासून ऐकत आले की फट असलेली बाई भाग्याची. मी ती बुजवली नाही आणि मला कधी काही वाटलं नाही. जपानमध्ये पुढे आलेल्या सुळ्याला याएबा म्हणतात आणि तिकडे तो गोड मानतात. काही वर्षांपूर्वी तरुण मुली पैसे देऊन सुळ्यांवर तशी टोपी बसवून घ्यायच्या. म्हणजे एका देशात जे काढायचं ते दुसऱ्या देशात लावायचं. सगळ्यांचे दात एकाच साच्यातले कशाला हवेत? स्वतःला आहे तसं स्वीकारलं की प्रश्न मिटतो.

---

कृष्णाकाठची
१० जानेवारी, रात्री ९:५०

रत्नांग्री ताई, राग मानू नका, पण तुमच्या फटीला घरात भाग्य म्हणत होते. माझ्या सुळ्यांना जे म्हणत होते ते भाग्य नव्हतं. स्वतःला स्वीकारायचं काम एकटीनं कसं करायचं, जेव्हा वर्गात शिरल्यावर मागच्या बाकावरून रोज तेच नाव ऐकू येतं?

---

रत्नांग्री
१० जानेवारी, रात्री १०:२०

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंय. मला स्वीकारावं लागलंच नाही, आईनं आधीच स्वीकारून ठेवलं होतं. शब्द मागे घेते.

---

हॉस्टेल_२०३
११ जानेवारी, रात्री १:३५

पहिल्यांदाच लिहितोय. इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष, छत्रपती संभाजीनगर. माझे वरचे दात पुढे आहेत, मध्ये फट आहे, आणि ओठ आपोआप मिटत नाहीत. मिटायचे म्हटलं तर हनुवटी आवळून धरावी लागते. लक्ष दुसरीकडं गेलं की तोंड उघडं राहतं.

मागच्या सेमिस्टरला व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सर म्हणाले, "दात काय काढतोय? एवढं हसायला काय झालं?" मी हसत नव्हतो. प्रश्न ऐकत होतो. मला उत्तर येत होतं. मी सॉरी सर म्हणालो. पुढचे तीन प्रश्न पण येत होते, पण नाही येत म्हणालो. बोललो असतो तर परत दात दिसले असते.

मेसला साडेनऊनंतर जातो, तेव्हा कुणी नसतं. रूममधली मुलं फावड्या म्हणतात, वाईट मनानं नाही म्हणत, मी पण हसतो. घरी यातलं काही माहीत नाही. आई रोज विचारते जेवलास का, मी हो म्हणतो.

एका व्हिडिओत बघितलं की फटीच्या दोन्ही दातांना मिळून रबर बँड लावला की महिनाभरात फट जाते. केसांचे बारीक रबर मिळतात ते आणले. कालपासून लावलाय. ठणकतंय, पण म्हणजे काम करतंय ना? कुणी करून बघितलंय का?

---

ऑर्थो_नागपूर
११ जानेवारी, सकाळी ६:२०

२०३, हे वाचलंस की पहिल्यांदा ते रबर काढ. आरशासमोर, उजेडात. काढून हातात घेऊन बघ, पूर्ण निघालंय की तुकडा आत राहिलाय.

का ते सांगते. दाताचं मूळ वर निमुळतं होत जातं. रबर तिकडे घसरत जातं, हिरडीखाली शिरतं आणि दिसेनासं होतं. मग मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि ते हाड दोन्ही तोडत वर सरकतं. फट मिटल्यासारखी दिसते तेव्हा आत दात सुटत असतात. अशा घरगुती रबरापायी निरोगी दात गमावलेले लोक आहेत. ठणकतंय म्हणजे काम करतंय असं समजू नकोस.

दात खरोखर सरकतो तो हलक्या, मोजून दिलेल्या दाबानं. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतःच विरघळवतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, फार तर थोडं अधिक. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात.

तुझ्याच शहरात घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याच्या विभागात एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो, मात्र सकाळी लवकर जावं लागतं आणि रांगेत बसावं लागतं. इतरांसाठीही सांगते. नागपूरला शासकीय आहे, मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीला. आरोग्य विम्यातून हे पैसे सहसा मिळत नाहीत, त्या भरवशावर राहू नका.

आणि हे नटण्यासाठी करतोयस असं कुणी म्हटलं तर सांग, पुढे आलेल्या दातांना पडल्या-झडल्यावर मोडायचा धोका जास्त असतो. व्हायव्हातल्या प्रसंगाबद्दल मला फार वाईट वाटलं. तुझ्या ओठांची ठेवण तशी आहे, तू उद्धटपणा केला नाहीस.

---

हॉस्टेल_२०३
११ जानेवारी, सकाळी ८:१०

काढलं. पूर्ण निघालंय, मोजून बघितलं. थोडं रक्त आलं.

---

ऑर्थो_नागपूर
११ जानेवारी, सकाळी ८:२५

शाब्बास. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. सोमवारी घाटीत जा आणि रबर लावलं होतं हे स्वतःहून सांग.

---

बालाघाटी
११ जानेवारी, सकाळी ९:००

भाऊ, आज मेसला आठला जा. गार चपाती खाऊ नको. आणि आईला एकदा खरं सांग. माझ्या वडिलांनी नि मी गप्प राहून एकमेकांना जपलं असं आम्हाला वाटलं, त्यात दोघांनाही त्रासच झाला.

---

मुक्काम_लीड्स
१२ जानेवारी, पहाटे ३:१०

इकडचं, म्हणजे ब्रिटनमधलं, थोडं लिहिते, कारण इथे शिकणाऱ्या माझ्या मुलाच्या तारा सरकारी खर्चानं लागल्या. १८ वर्षांखालच्या सगळ्यांना त्या मिळत नाहीत. १९८९ सालापासूनची एक मोजपट्टी आहे, तिचे दोन भाग. एका भागात दातांच्या आरोग्याच्या पाच पायऱ्या. दुसऱ्यात दहा फोटो ओळीनं लावलेले, सगळ्यात सुबक ते सगळ्यात वेडेवाकडे, आणि मुलाचे दात कोणत्या फोटोच्या जवळचे ते ठरवतात. चौथ्या-पाचव्या पायरीला उपचार मिळतात. तिसऱ्या पायरीवर असाल तर फोटोंच्या मापात सहा किंवा पुढचा आकडा लागतो. माझा मुलगा तिसरीवर होता. त्या खोलीत त्याच्या तोंडाला आकडा देताना मी बाहेर बसले होते, आणि कमी आकडा यावा की जास्त, हेच मला कळेना.

याच देशातला एक अभ्यास मला धाग्याच्या प्रश्नाशी थेट भिडणारा वाटतो. १९८१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला ११-१२ वर्षांच्या १०१८ मुलांची तपासणी केली, दातांची आणि मनाचीही. वीस वर्षांनी त्यातले ३३७ जण पुन्हा गाठले. ज्यांना गरज होती आणि उपचार मिळाले, ते आपल्या दातांवर जास्त समाधानी होते. पण लहानपणी त्यांना स्वतःबद्दल काय वाटत होतं ते हिशेबात धरल्यावर, उपचारांनी मोठेपणीच्या मनःस्वास्थ्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. उपचार न मिळालेलेही पुढे मनानं खचलेले नव्हते.

कृष्णाकाठची, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. दात नीट झाले की दातांबद्दलचं समाधान मिळतं. स्वतःबद्दल जे वाटत आलंय, ते वेगळ्या जागी राहतं.

---

बालाघाटी
१२ जानेवारी, रात्री ९:४०

लीड्सच्या ताई, अभ्यास खराच असणार. मी पण सावरलोच की, नोकरी आहे, संसार आहे. एकतिसाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर ठीक आहे असंच म्हणालो असतो. पण सोळा ते पंचवीसमध्ये जे करायचं राहिलं त्याची नोंद त्या कागदात कुठं असेल? वक्तृत्वाचं वय गेलं. कॉलेजच्या चार वर्षांत मी एकाही मुलीशी नीट बोललो नाही. मुलाखतीत दोनदा पडलो, कारण तोंड न उघडता बोलत होतो. २०३ ला आत्ता जे होतंय ते तो तिशीत विसरेल, म्हणून आत्ता कमी होत नाही.

---

मुक्काम_लीड्स
१२ जानेवारी, रात्री ११:३०

हे मान्य. उपचार करू नका असं मला म्हणायचं नव्हतंच. माझ्या मुलाच्या मी केलेच. फक्त तारा निघाल्या त्या दिवशी सगळं बदलेल या आशेवर कुणी दोन वर्षं काढू नयेत, एवढंच.

---

वाईचा_घाट
१३ जानेवारी, दुपारी १२:४५

आमच्या घाटावरच पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत एक पारशी मुलगा शिकत होता, फारुख बुलसारा. १९४६ ला झांझिबारला जन्मलेला, आठेक वर्षांचा असताना इकडे आला. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते, त्यांच्या रेट्यानं पुढचे दात बाहेर आले होते. शाळेत त्याला पुढे आलेल्या दातांवरून 'बकी' म्हणायचे. तोच पुढे क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. पैसा आल्यावर तो दात सहज नीट करून घेऊ शकला असता, पण आवाज बदलेल या भीतीनं त्यानं हात लावू दिला नाही. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर तोंड पूर्ण उघडून गायला.

मी त्याच्या जुन्या मुलाखती बघतो. गाणं संपलं, खुर्चीवर बसला, समोरच्यानं काही विचारलं आणि हसू आलं, की वरचा ओठ खाली ओढून दात झाकतो. कधी हात पुढे करतो. गाताना मात्र झाकत नाही. कृष्णाकाठची यांचा प्रश्न वाचला तेव्हा मला तो ओठ आठवला.

---

मनमोकळी
१३ जानेवारी, रात्री ८:१५

मी समुपदेशक आहे, तरुण मुलांबरोबर काम करते. हाताबद्दल सांगते.

दहावीच्या मुलीला तोंडावर हात नेल्यावर सुटल्यासारखं वाटलं. कुणी बघितलं नाही, कुणी बोललं नाही. मन त्यातून शिकतं की हातानं वाचवलं. हजारो वेळा ते झालं की हात विचारल्याशिवाय जातो. दात बदलले हे तुम्हाला कळलंय, हाताला अजून कळायचंय. ते आरशासमोर कळत नाही, माणसांसमोर कळतं. एक विश्वासाचं माणूस निवडा. त्याच्याशी दहा मिनिटं बोलताना हात मांडीवर ठेवा. हसू येईल तेव्हा जी धडधड होते ती होऊ द्या, ती ओसरते. मग दुसरं माणूस, मग तिघं-चौघं. निवेदनाची आवड होती ना? तिकडे जायला हीच वाट आहे.

अजून एक, इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागू असेल तर. दिवसाचे तास आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दात बघण्यात जात असतील, इतरांना दिसतही नाही असा दोष सतत छळत असेल, एक उपचार संपला की दुसरा हवासा वाटत असेल, तर दातांच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या दुखण्यावर तारांचा इलाज चालत नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

---

कृष्णाकाठची
१४ जानेवारी, सकाळी १०:३०

सगळ्यांना तिळगूळ. दोन संक्रांती मी गुळाची वडी जिभेवर विरघळवत काढल्या, ऊस नाही, शेंगदाण्याची चिक्की नाही, कणीस चाकूनं सोलून. आज चिक्की कडकन मोडून खाल्ली. रात्री मात्र रिटेनर न चुकता लावते. दात जुन्या जागी परत जायला बघतात, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मनमोकळी यांचं वाचून वाटलं, माझंही तेच चाललंय.

---

ठाणेकर_आई
१७ जानेवारी, रात्री ९:२०

विचारलं. गाडीत, दोघीच असताना. ती पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, "आजी सगळ्यांना सांगते ना." रडली नाही, म्हणून मला जास्त लागलं. नवरा त्याच रात्री आईशी बोलला. सासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला जवळ बसवून स्वतःचा दहावीचा फोटो काढून दाखवला. त्यांचाही सुळा तस्साच. पुढे कवळी आली म्हणून आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

---

हॉस्टेल_२०३
२७ जानेवारी, रात्री १०:१५

उशीर झाला कळवायला. दोनदा जाऊन आलो. पहिल्या दिवशी तीन तास रांग. एक्स-रे काढला. रबरामुळं नुकसान झालेलं नाही म्हणाले. हिरडीला जरा सूज आहे, ती उतरली की पुढचं. मग तोंडात गुलाबी लगद्याचा साचा धरून दातांचं माप घेतलं, उलटी येईल असं वाटलं पण आली नाही. ज्या ताई डॉक्टर होत्या त्यांनी मास्क खाली करून विचारलं, "तुला नक्की काय त्रास होतो?" मला वाटलं चावायचं विचारताहेत. मी व्हायव्हाचं सांगितलं. बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली दोन महिन्यांनी पैसे होतील. बाबा म्हणाले त्याआधी होतील.

मेसला आठला जातोय. पहिल्या दिवशी खाली बघून जेवलो. आता शेजारच्या रूममधला एक जण सोबत असतो. त्याला सांगितलं की मला नावानं हाक मार. तो विसरतो, मग परत मारतो.

---

बालाघाटी
२७ जानेवारी, रात्री १०:५०

जियो भाऊ. मी पण येत्या शनिवारची वेळ घेतलीय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मिशी ठेवा मात्र.

---

कृष्णाकाठची
२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आई पुण्याला आली होती. माझ्या भाड्याच्या घरात पहिलं हळदीकुंकू केलं, ऑफिसातल्या नऊजणी आणि शेजारच्या दोन काकू. आईशी मी हाताचं बोलले होते. मावशींचं ते वाक्य ऐकलं होतं हेही सांगितलं. ती काही वेळ भांडी पुसत राहिली, मग म्हणाली, "मी तेव्हाच त्यांना उत्तर द्यायला हवं होतं."

फोटो काढायची वेळ आली तेव्हा तिनं वाणाचं स्टीलचं मोठं ताट माझ्या दोन्ही हातांत दिलं. वाट्या भरलेल्या, जड. खाली ठेवायला गेले तर म्हणाली, "धर की जरा." तेवढ्यात शेजारच्या काकू काहीतरी बोलल्या, सगळ्या हसायला लागल्या आणि मीही. ताट गच्च धरलेलं, हात कुठे नेणार?

तो फोटो आईनं मिरजेला नेलाय. फ्रेम करणार म्हणते.